उद्घाटन झाल्याशिवाय वापर नाही

२४ नोव्हेंबर, सोमवार
परवा संविधान दिन. शिवाजी पेठेतल्या बाकीच्या शाळा प्रास्ताविका वाचून लिमलेटच्या गोळ्या वाटतील. माझ्या शाळेत मुलांना प्रत्यक्ष आंदोलन शिकवायचं. मुख्याध्यापकाला व्हिजन लागतं. मराठीच्या शालूबाई म्हणाल्या, कोल्हापूरच्या पोरांना मोर्चा शिकवावा लागतोय होय? बाईंना शिस्तबद्ध मोर्चा ठाऊक नाही.
मागणी मीच ठरवली : शाळेत झाडे लावा. मुलं मागणार, मी लगेच मान्य करणार. मान्य करतानाचं भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. डोळे पाणावले.

२५ नोव्हेंबर
ठिय्याचे नियम फळ्यावर लिहून दिले. शिवी नाही. अंगाला हात नाही. जागेवरून उठायचं नाही. आणीबाणीसाठी एक वाट मोकळी ठेवायची. शेवटचा मुद्दा खास माझा.
दहावीची निशिगंधा, विद्यार्थी प्रतिनिधी, हुपरीहून एसटीने येते. मागणी बदलता येईल का विचारत होती. मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढा, अशी! जुनं दिवाळीच्या सुट्टीत पाडलं, नवं तयार आहे, नळाला पाणी आहे, सगळं खरं. पण उद्घाटन? चेअरमनसाहेबांची तारीख मिळायला नको? कोनशिलेवर त्यांच्या नावाखाली माझंही नाव आहे, जरा बारीक अक्षरात. वापरलेल्या संडासाची फीत कापायला साहेबांना बोलवायचं? म्हणून दारावर मीच पाटी लावली : उद्घाटन झाल्याशिवाय वापर नाही. किल्ली माझ्या खिशात.
तिला प्रेमाने समजावलं. संयम ठेवा. घरून जाऊन येत जा. मला शुगरमुळे तासातासाला जावं लागतं, पण तो आजार आहे. मुलींना कसला आलाय आजार?

२६ नोव्हेंबर, संविधान दिन
घोटाळा. मुलं ठरल्याप्रमाणे ‘झाडे लावा’ ओरडत होती. मुलींनी मागून ‘कुलूप काढा’ सुरू केलं. फोटोग्राफर तयार होता, म्हणून मी घाईने ‘मागणी मान्य’ म्हणून टाकलं. काय टाळ्या पडल्या! मैदान दणाणलं. भाषण कुणी ऐकलंच नाही. नंतर माइकवरून खुलासा करावा लागला की मान्यता फक्त झाडांपुरती आहे. मुलींचे चेहरे बघवत नव्हते, मग मी बघितलेच नाहीत.
निशिगंधाला पदावरून काढलं. निवडून आली होती, पण मतं मुलांनीच दिलेली. मुलांना काय कळतं? तिच्या जागी चेअरमनसाहेबांचा पुतण्या वरद. लोकशाहीत पद रिकामं ठेवू नये.

२ डिसेंबर
साहेबांची तारीख पुन्हा पुढे. आता आठ तारीख, नक्की.
निशिगंधा घर सोडल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही म्हणे. शालूबाई हे आवाज चढवून सांगत होत्या. मी म्हटलं, वा! याला म्हणतात संयम. प्रार्थनेनंतर तिला पुढे बोलावून सगळ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या. मान खाली घालून उभी होती. लाजाळू आहे.

४ डिसेंबर
निशिगंधा गणिताच्या तासाला कोसळली. हुडहुडी, ताप. दवाखान्यात ठेवलं आहे. लघवीचं इन्फेक्शन, किडनीपर्यंत गेलं म्हणे.
वडील आले होते. चांदीचे पैंजण घडवतात. बसा म्हटलं तर बसले नाहीत. पोरगी शिकायला धाडली हुती की, वाळवायला न्हाय, असं काहीतरी बोलले. भावनेच्या भरात माणूस बोलतो. मी दिलासा दिला की आता रीतसर आजार झालाय, म्हणजे नियमात बसतंय. बरी झाली की स्टाफच्या स्वच्छतागृहासाठी अर्ज करू दे, शिफारस मी करतो. ते निघून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला. वाया कशाला घालवायचा, मी प्यालो.
तिला ‘संयम पुरस्कार’ द्यावा का? साहेबांच्या कानावर घालतो.

८ डिसेंबर, सोमवार, सकाळ
आज उद्घाटन! नवी क्रीम कलरची पॅन्ट. दाराला लाल फीत. साहेब निघालेत.

दुपार
साहेब अजून आलेले नाहीत. मुली केबिनबाहेर ठिय्या मारून बसल्यात. शिवी नाही, हात नाही, कुणी जागचं हलत नाही. माझेच नियम! ऊर भरून आला. गुंडू शिपायाने खिडकीतून चहा दिला.
साहेबांचा फोन. गडहिंग्लजला लग्नात अडकलेत, पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले. दुसरा चहा.

त्यानंतर
आता जायला हवं. स्टाफचं मैदानाच्या पलीकडे. मुलींना ओलांडून कसं जाणार? चुकून पाय लागला तर नोकरी जाईल. आठवीतल्या सईला विनंती केली. संयम ठेवा सर, म्हणाली. गोड मुलगी.
शिकवल्याप्रमाणे एक वाट मोकळी ठेवली आहे. बघितली. ती नव्या दाराकडे जाते.
किल्ली खिशात आहे. पण फीत. कोनशिला. साहेब काय म्हणतील?
जरा थांबू. अक्षर हलतंय.

९ डिसेंबर
काल पॅन्टवर चहा सांडला. गुंडूलाही तसंच सांगून ठेवलंय.
फीत तुटली. किल्ली कुलपात शिरेना. दार उघडलं तोवर चहा सांडून झाला होता. मुली हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर रागावता आलं असतं. उठल्या, रांग लावली, माझ्या बाजूने एकेक करून आत गेल्या. सईने जाता जाता स्वतःची ओढणी माझ्या हातात दिली, पुढे धरायला.
वरदने फोटो काढला आणि काकांना पाठवला. साहेब फोनवर एवढंच म्हणाले की उद्घाटन तुम्हीच उरकलंत, आता आमचं काय काम. कोनशिला नवी करणार आहेत. माझं नाव नसेल.
पॅन्ट धुताना सौ. म्हणाल्या, चहाला असला वास कधीपासून यायला लागला?

१० डिसेंबर
दवाखान्यात गेलो. मोठं मन दाखवायला हवं. फुलं नेली, संयम पुरस्काराची ट्रॉफी नेली. निशिगंधाला सलाइन लावलेलं. उशाशी मोबाईल होता, म्हणजे फोटो पोचला होता. वडील भिंतीकडे बघत बसले होते.
ट्रॉफीला तिने हात लावला नाही. माझ्याकडे पाहिलं. मग बारीक आवाजात, अगदी आदराने म्हणाली, सर, घरनं जाऊन येत जावा.