निजलेला पाय

नदीकाठचा तळ, १२ जानेवारी २०२५

ती. सरोजाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इथे फोन लागत नाही, म्हणून तपासणीचे नमुने नेणाऱ्या विमानातून हे पत्र पाठवते आहे. तू दिलेली पोडी, ती डाळीची तिखट पूड, संपली. आमच्या दुभाषीबाईंनी ती चहाबरोबर खाल्ली.

काम मात्र अडलंय. अचानक हातपाय लुळे पडलेलं प्रत्येक मूल शोधायचं, त्याची शी तपासायला पाठवायची, तेव्हा पोलिओ आहे की नाही ते कळतं. पण नदीपलीकडच्या गावांत बंदूकवाले आम्हाला जाऊ देत नाहीत. तिथल्या बायका बाजाराला येतात, त्यांना विचारलं की म्हणतात, आमच्याकडे पांगळं मूल नाही. इतक्या गावांत एकही नाही? पोलिओ नसला तरी दुसऱ्या आजारांनी काही मुलं लुळी पडतातच. मला भीती वाटते, तो तिथे लपून पसरत असेल.

तुझा फोटो टेबलावर आहे, त्यात तू नेहमीसारखी खुर्चीमागे लपलेली. रागावलीस तरी चालेल, पण तुझ्या पायाबद्दल आजीला कोणी असं विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती, ते कळव.

तुझी अनन्या

मैलापूर, २ फेब्रुवारी

चि. अनन्यास,
अ. उ. आ.

दुभाषीबाईंना नमस्कार सांग, त्यांच्यासाठी वेगळा डबा पाठवते. आणि मी लपत नाही, खुर्चीला टेकते.

माझ्या आईला तंजावरात कोणी असं विचारलं असतं, तर तीही नाहीच म्हणाली असती. पांगळी ही आमच्याकडे शिवी होती. आई म्हणायची, सरोजाचा पाय निजलाय. शेजारणीही विचारायच्या, अजून उठला नाही का. तिथल्या आया काय म्हणतात, ते आधी विचार.

जेवत जा, आणि आत्याची आठवण असू दे.

सरोजा

नदीकाठचा तळ, ८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दुभाषीबाईंना विचारलं, तर त्यांच्याकडेही पाय झोपतोच म्हणे. बाजारात तसं विचारल्यावर एका बाईनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. पुढच्या बाजाराला ती आपल्या दोन वर्षांच्या मुलीला पाठीशी बांधून घेऊन आली. नमुना पाठवला. पोलिओच निघाला.

आता गावच्या वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली आहे. पलीकडच्या मुलांना डोस द्यायला परवानगी मिळाली.

पण ती आई दर बाजाराला विचारते, पाय कधी उठेल. आत्या, काय सांगू?

तुझीच, अनन्या

मैलापूर, २७ मार्च

चि. अनन्यास,
अ. उ. आ.

खरं सांग. माझ्या आईला कोणी सांगितलं नाही. ती मरेपर्यंत रोज सकाळी माझा पाय चोळून त्याला उठवत होती, आणि तिचा चेहरा बघायचं मला नको व्हायचं. पाय उठणार नाही, पण मुलगी चालेल, हे तिला सांग. नुसतं सांगून तिचा विश्वास बसायचा नाही.

म्हणून शेजारच्या शरण्याकडून कपालीच्या देवळासमोर फोटो काढून घेतला. खुर्ची नाही. साडी घोट्याच्या वर उचलून धरली आहे, पायाला आधार देणारा कॅलिपर नीट दिसतो. टेबलावर ठेवू नकोस, त्या आईला दे.

माया आहे तशीच राहो.

सरोजा