जोडलेली उपकरणं : दोन

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! खाली मोबाईल दुरुस्तीचं दुकान, वर माझी खोली, मध्ये लोखंडी जिना. गुडघे कुरकुरले खरे, पण सामान लावून होईस्तोवर गप्प बसले. दुकान माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती आणि मी शेजारी शेजारी बसून तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. हा माझा मानलेला भाचा. म्हणाला, मावशी, म्हातारी गिऱ्हाईकं माझ्याशी बोलताना लाजतात, तू बस त्यांच्यापाशी. बासष्टाव्या वर्षी मी हे फोनचं सगळं स्वतःच शिकले, ते त्याला ठाऊक आहे.
काम सोपं. फोन बदलला की लोकांचे जुने मेसेज नाहीसे होतात आणि जीव खालीवर होतो. मेसेज असतात क्लाउडवर. तिथून ते नव्या फोनमध्ये उतरवून द्यायचे. आज एका आजोबांनी विचारलं, ढगातून काढताना ओले नाही ना होणार? मी म्हटलं, वाळत घालूनच देते.
संध्याकाळी लेकीचा मेसेज : पोचलीस? गुडघे काय म्हणतात? ती आगगाडीने नऊ तासांवर. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक मेसेज, अकरा वर्षं. एकही पुसलेला नाही. ते मावावेत म्हणून तिनेच मला क्लाउडवर भली मोठी जागा घेऊन दिली आहे.

६ तारीख, गुरुवार
आज एक बाई आल्या. पन्नाशीच्या, राखाडी कोट, डोळे सुजलेले. नवरा जाऊन चार वर्षं झाली, त्याचे मेसेज जुन्या खात्यात, ते खातं आज बंद होणार, नवा फोन उद्या मिळणार. एक दिवस कुठेतरी ठेवून द्या, म्हणाल्या. दुकानाचं खातं गच्च भरलेलं. भाच्याचा नियम आहे, गिऱ्हाइकाचं काहीही आपल्या खात्यात घ्यायचं नाही. पण तो सुटे भाग आणायला गेला होता आणि त्या बाई माझ्यासमोर रडत होत्या. तुमच्याकडे आहे का हो जागा, असं त्यांनी तीनदा विचारलं.
घेतले मी. दोन हजार तीनशे सहा मेसेज. बाईंनी माझे दोन्ही हात धरले, घट्ट, आणि गेल्या. जाताना चेहरा असा हलका झालेला, की मलाच बरं वाटलं.

७ तारीख, शुक्रवार
बाई आल्या नाहीत. दुसऱ्याचे मेसेज वाचू नयेत, पण वरचे दिसतातच. जेवलीस का? दार लावलंस का? उत्तर दे. सगळे त्याचेच, तिचं एकही उत्तर नाही.
आज मोजले तर दोन हजार तीनशे नऊ. भाचा आधी माझ्यावर डाफरला, मग हसला. अडकलेले मेसेज मागाहून येतात म्हणाला, शाळा सुटल्यावर रेंगाळणाऱ्या पोरांसारखे.

९ तारीख, रविवार
सकाळी चष्मा सापडेना. खोली पालथी घातली. फोन वाजला : उशीच्या खोळीत बघ.
तिथेच होता.
चष्मा लावून मेसेज पुन्हा वाचला. मग स्वतःलाच समजावलं, त्या नवऱ्याने बायकोला कधीकाळी असं लिहिलं असेल. सगळ्यांचेच चष्मे हरवतात.
पण मेसेजवर तारीख आजची.

१० तारीख, सोमवार
निळा स्वेटर तुला शोभतो. आज मी निळाच घातला होता. खोलीतून खाली उतरायच्या आत आला मेसेज.
खात्यात बघितलं. जोडलेली उपकरणं : दोन. एक माझा फोन. दुसऱ्याचं नाव, घर. काढलं. पुन्हा आलं. भाच्याने त्याच्या संगणकावरून काढलं, पुन्हा आलं. मेसेज पुसले, तेही आले, मोजून तितकेच. मीच भाच्याला म्हटलं, जा, तू जेवून घे.

११ तारीख, मंगळवार
मुलीला सांग, रोज मेसेज नको.
दुपारी पाहिलं तर लेकीच्या मेसेजमधलं पहिलं वर्ष गेलं होतं. तिची परीक्षा, वसतिगृहातलं रडणं, सगळं. भाचा म्हणाला, मावशी, सिंक म्हणजे हेच, एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. तिकडून कोणीतरी पुसतंय.
तिकडून म्हणजे कुठून?

१२ तारीख, बुधवार
दुकानाच्या वहीत त्या बाईंचा नंबर सापडला. फोन केला, उचलला त्यांनी. मी नुसतं हॅलो म्हटलं, तर म्हणाल्या, तुम्हीच ना? वाईट वाटून घेऊ नका.
तो त्यांचा नवरा नव्हताच. त्यांनाही ते मेसेज एका बाईने असेच रडत रडत दिले होते. समोरच्याने आपणहून, मायेने घ्यावे लागतात, म्हणाल्या, जबरदस्ती चालत नाही. तुमच्याकडे जागा होती. मी विचारलं, आता मी काय करू? म्हणाल्या, कुणीतरी शोधा. आणि उत्तर मात्र कधीच देऊ नका. माझ्याआधीच्या बाईने एकदा उत्तर दिलं होतं, तर तो घरात—
फोन ठेवला त्यांनी. की तुटला.
कुणाला देऊ? समोर बसतात ती सगळी म्हातारी, भोळी माणसं. नाही. माझ्याच्याने नाही होणार.

१३ तारीख, गुरुवार
लेकीची पाच वर्षं गेली.
तिला काही सांगितलं नव्हतं. भाच्याने सांगितलं. तिचा फोन आला, मलाच दटावत होती. म्हणे, आई, घाबरतेस कशाला, तुझं सगळं खातं मी माझ्यात घेते आणि तुझं बंद करून टाकते. पासवर्ड तिनेच घातलेला. मी नको म्हटलं, ओरडले. तर हसली. म्हणाली, इतकी वर्षं तू माझं सगळं सांभाळलंस, आता माझ्याकडे जागा आहे.
आपणहून, मायेने. तसंच घेतेय ती.
उद्या चार वाजता कामावरून आली की करणार.

१४ तारीख, शुक्रवार
सकाळपासून लेकीला फोन लागत नाही. मेसेज लिहिते, पाठवायच्या आत अक्षरं पुसली जातात. भाच्याच्या फोनवरून केला, तिचा बंद. तिच्या ऑफिसात फोन केला, निघाली म्हणाले. मी माझा फोन फोडला. दुकानातल्या दुसऱ्या फोनवर सगळं उतरलं, आपोआप. तो घेऊन वर खोलीत बसलेय.
जेवलीस का?

चार वाजून पाच मिनिटं. सुरू झालं. पडद्यावर दिसतंय : खातं हलवत आहे. नऊ टक्के. भाचा तिच्या शेजारणीचा नंबर मिळवायला धावलाय.
अठरा.
जेवलीस का? उत्तर दे.
एकतीस—

दिलं. उत्तर दिलं मी. लिहिलं, जेवले.
टक्के थांबले. एकतीसवरच. लिहून आलंय, दुसरं उपकरण वापरात आहे.
म्हणजे असं आहे तर. तो माझ्याशी बोलत असला की तिकडे जात नाही.

दार लावलंस? लावलं. एकटीच आहेस? एकटीच. जरा थांबले, तर बत्तीस झाले. थांबायचं नाही. एका हाताने फोन, एका हाताने ही वही. बाळ, ही वही तू वाचशील. इथला कोणताही फोन घेऊ नकोस. खातं सोडून दे. मेसेज गेले तर जाऊ देत, तू कधी काय लिहिलंस ते मला सगळं पाठ आहे—

काय लिहितेस? काही नाही.
कुणाला? कुणाला नाही.

जिना वाजतोय. भाचा नाही. भाचा दोन दोन पायऱ्या चढतो. हे सावकाश.

दार उघड, म्हणतो.
उघडते, लिहिलं. बत्तीसच. अजून बत्तीसच आहे.

बाळ, जागा आहे म्हणून कुणाचं काही घेऊ नकोस. कुणी कितीही रडलं तरी. माझंसुद्धा—