पाळण्याखालचं काम

प्रिय गबाळ्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. माझी शाळा गावातली, अक्षरं आडवीतिडवी दिसली तर मान वाकडी करून वाच. तशीही माझ्याशी बोलताना तुझी मान वाकडीच असते.

सूनबाईनं सांगितलं, तू आता पाळण्यात चढतोस. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. तू एवढा घोडा झालास तरी पाळणा सुटेना. आणि पाळणा तरी कुठला निवडलास, तर लॉरीच्या लांब लोखंडी हाताला लावलेला, ज्यात उभा राहून तुझा बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा.

तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. मालक म्हणाला, हलगर्जीपणा. अरे, माझ्या हातचा चहासुद्धा हुंगून पिणारा माणूस तो, हलगर्जी कुठला. शेवटचं अक्षर नीट दिसावं म्हणून त्यानं पाळणा जरा मागं घेतला, आणि विजेची तार पाठीमागं होती. पाठीला डोळे कुणाला असतात? म्हणून तर खाली एक माणूस ठेवायचा, ज्यानं दुसरं काही न करता तारेकडं बघायचं आणि ओरडायचं. पण माणूस नुसता उभा दिसला की मालकाच्या पोटात दुखतं. त्या दिवशी त्या खालच्या माणसाला रंग कालवायला बसवलं होतं.

तू मला हातमोजे आणि पट्टा सांगतोस. पट्टा पडू देत नाही, तार त्याला ओळखत नाही. खाली कोण असतं, एवढं विचारलं की तुझ्या फोनची रेंज जाते.

म्हणून काल त्याच मालकाकडं गेले. कचेरीतली झाडलोट देत होता ना मला, ती नको म्हटलं, पाळण्याखाली उभं राहायचं काम द्या. तो हसला, म्हणाला, बाई, तुम्हाला येतं काय? म्हटलं, ओरडता येतं, हवं तर नवऱ्याला विचारा म्हटलं असतं, पण तुम्ही ती सोय ठेवली नाहीत. मग हसणं सोडून हजेरीच्या वहीत माझं नाव लिहिलं. सोमवारपासून तुझ्या खाली मी आहे. रंग कालवणार नाही, चहा आणणार नाही, मालक आला तरी तारेवरची नजर काढणार नाही. चारचौघांत आई ओरडली म्हणून लाज वाटेल, वाटू दे. घरात माझं कधी ऐकलं नाहीस, तिथं मी थांब म्हटलं की हात आहे तिथं थांबव.

तुझीच, घसा साफ करून बसलेली,
आई