जिनिंगच्या भंगारातले तीन व्हॉल्व्ह

राळेगाव,
९ ऑक्टोबर २००६

चि. दीपास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

तीन व्हॉल्व्हचे तीनशेसाठ, वणीची एसटी नव्वद, चहा-नाश्ता नि धुवायचं पेट्रोल साठ. म्हणजे भंगारात एकशेवीसचा म्हणून घेतलेला नग घरी येईस्तोवर एकशेसत्तरला पडला. तरी तू नागपुरात विचारलेला नवा नऊशेचा आहे.

माल बंद पडलेल्या जिनिंगचा आहे. कापूस येत नाही, म्हणून गाठी दाबायच्या मशिनी खोलून विकून राह्यले. वीज दिली की उघडतो, सोडली की मिटतो. गॅसच्या दाबानं सायकलचा छर्रा उडवायला कॉलेजच्या स्पर्धेतल्या तुमच्या छोट्या लढाऊ नावेच्या तोफेला आणखी काय पाहिजे? चोवीस व्होल्टचे आहेत, बाराच्या दोन बॅटऱ्या जोडून लाव.

हवा भरून तिन्ही वाजवून पाहिले. टक्, टक्, टक्. गळती नाही. माझे कान तुले माहीत आहेत. फवारणीचा पंप दुरुस्तीला दुकानाची पायरी चढायच्या आधी मी सांगतो, वायसर गेलं का नळी. यंदा पायरी चढतच कोणी नाही, हे वेगळं.

आपला इंद्रजित गेल्यापासून तुझी आई दुकानाकडे फिरकत नाही, फारसं बोलतही नाही. व्हॉल्व्ह वाजवले त्या दिवशी मात्र आतून विचारलं, हे कायचं सूं करून राह्यलं म्हणून. मी हसून म्हटलं, तुझा स्टोव्ह असेल.

दोन पाठवतो, एक जादा ठेवतो. नावेवरच्या तुझ्या भावाच्या पेन्सिलीच्या खुणा पुसू नको. जेवत जा. माया आहेच, ती इकडेही येऊ दे.

तुझा बाबा,
मारोती


नागपूर,
२० नोव्हेंबर २००६

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

काल कॉलेजच्या तळ्यात चाचणी होती. मी बटण दाबलं, टक् झालं आणि छर्रा तोफेच्या तोंडातून घरंगळून पाण्यात पडला. बाटलीतला गॅस आधीच निघून गेला होता. सरांनी पंक्चरवाल्यासारखं साबणाचं पाणी लावलं. दोन्ही व्हॉल्व्हना बुडबुडे.

समोरच्या नावेनं आपल्या नावेच्या पातळ लाकडाला चार भोकं पाडली. ती बुजवली. पेन्सिलीच्या खुणा वाचल्या.

दहा डिसेंबरला शेवटची फेरी आहे. एक तरी बार सुटला नाही तर नाव बाद, आणि यादीत ती इंद्रजितच्याच नावानं आहे. एक तोफ चालली तरी पुरे. माझी खोलीतली मैत्रीण प्रियंका म्हणते, तुझ्या बाबांचे कान दुरुस्तीला टाक. मीही हसले. रागावू नका.

आईला सांगू नका. तिला जयभीम. आठवण ठेवावी.

आपली,
दीपा


राळेगाव,
२७ नोव्हेंबर

चि. दीपास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

पत्र पोचलं. रागावलो नाही. काही वाटलंच नाही खरं तर. हल्ली असंच होते.

जादा ठेवलेल्या व्हॉल्व्हला साबण लावला. बुडबुडा नाही. तरी माझा भरोसा बसेना, म्हणून पहिल्यांदा तुझ्या आईला दुकानात बोलावलं. तिनं कान लावला, बराच वेळ. मग मान हलवली, सूं नाही म्हणून. कायले पाहिजे, तिनं विचारलं. इंद्रजितच्या नावेला, मी म्हटलं. तिनं तो पदरानं पुसून कागदात बांधला.

पुडकं सकाळच्या नागपूर गाडीच्या कंडक्टरजवळ दिलं आहे. स्टँडवर जाऊन घे. आमचं बरं चाललं आहे, तू तुझं कळवत जा.

तुझा बाबा,
मारोती


नागपूर,
११ डिसेंबर

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तोफ सुटली. तीन बार. तिसऱ्यानं समोरच्या नावेच्या पोटाला भोक पडलं. त्यानंतर आपली बुडाली. गळ टाकून काढली, वाळत ठेवली आहे. लोक ओरडत होते. मला आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

संध्याकाळी एसटीडीवरून शेजारी फोन केला, तर आई स्वतः आली. तिनं एवढंच विचारलं, सूं झालं का. नाही म्हटलं.

थंडी वाढली आहे, दोघांनी जपावं. माझ्यावर लोभ असतो तसाच असावा.

आपली,
दीपा

ता. क. आईनं तुम्हाला कळवायला सांगितलं आहे. तुम्ही तिन्ही व्हॉल्व्ह वाजवले त्या दिवशी घरात रॉकेल नव्हतं. स्टोव्ह पेटलाच नव्हता.