रंगकाम करणारं लॉज

पन्हाळा, नवरात्र, २००५

तीर्थरूप दाजी,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे केरबाचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा खोकला आणि आक्काचे गुडघे एव्हाना ताळ्यावर आले असतील, अशी आशा आहे.

ताजी बातमी अशी, की इंटरनेटवर मराठीत ‘कोल्हापूर रंगकाम’ असं शोधलं, की सगळ्यात वर आपलं लॉज येतं. ‘पन्हाळा लॉज’ शोधलं, तर येतं समोरच्या गणपतरावांचं. आपण कुठंच नाही. राजारामपुरीत नेटकॅफे चालवणाऱ्या आपल्या शिवानीनं (थोरल्या दादाची लेक) दोन्ही गोष्टींना दुजोरा दिला आहे. इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी तर फोन करून दिवाणखान्याला कोणता रंग शोभेल, असं विचारलं. (मी पिस्ता सांगितला. फोन करणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवू नये.)

झालं असं, की आमच्या सौ. झुंबरनं निर्वाणीचा इशारा दिला आहे. “दिवाळीला गिऱ्हाईक आलं न्हाय, तर त्या खोल्यांत म्हशी बांधीन. त्या निदान दूध तरी देत्यात.” ती बोलते ते करते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून शिवानीकडून लॉजची मराठी वेबसाइट करून घेतली आणि पुण्या-मुंबईची माणसं लोटतील म्हणून वाट पाहत बसलो. कुणी आलं नाही. तेव्हा शिवानीनं समजावलं, की शोधणारं यंत्र आपण विचारल्यावर जगभर पळत नाही. ते आधीच पानापानावर हिंडून येतं, कुठला शब्द कुठं आहे ते टिपून ठेवतं आणि विचारलं की त्या टिपणातून सांगतं. त्यातही वर कोण, तर ज्याच्याकडं दुसरी पानं बोट दाखवतात तो. मला हे लगेच पटलं. एस.टी. स्टँडवर उतरलेला पावणा चांगलं मटण कुठं मिळतं हे चहावाल्याला विचारतो, पानवाल्याला विचारतो. खानावळीचा मालक स्वतः बोंबलत असला तर त्याच्याकडं बघतसुद्धा नाही.

पटलं, पण वळलं नाही. मी आपल्या पानावर ‘पन्हाळा लॉज’ हेच शब्द खालपासून वरपर्यंत भरून टाकले. यंत्र फसलं नाही. मग शिवानी म्हणाली, “काका, गप बसा की! यंत्र परत येईल, तेव्हा बघू.” आता घरी कुणी येणार म्हटल्यावर आपल्यात काय करतात? सामान बाहेर काढून भिंतींना हात मारतात. मीही सगळा मजकूर, फोटो, पांढऱ्या रश्शाचं वर्णन उतरवलं आणि पाटी लावली : ‘रंगकाम चालू आहे. पाहुण्यांनी सवडीने यावे. जि. कोल्हापूर.’ यंत्र नेमकं त्याच आठवड्यात येऊन गेलं. त्यानं दारावर जे दिसलं ते इमानानं टिपून घेतलं. मराठीत रंगकामाविषयी लिहिणारी पानं फारशी नसावीत, त्यामुळं आपला पहिला नंबर. शिवानी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

आता मजकूर पुन्हा जागेवर लावला आहे. बाकी सर्व क्षेम. आक्कास नमस्कार.

तुमचा
केरबा

ता. क. : पत्र शाळेच्या पत्त्यावर का पाठवलं, ते सांगतो. गणपतराव वर का, म्हणून शिवानीनं शोध घेतला. त्यांच्याकडं बोट दाखवणारं जगात एकच पान निघालं : तुमच्या शाळेच्या वेबसाइटवरचा सहलीचा वृत्तान्त. ‘गणपतरावांच्या लॉजसारखा पांढरा रस्सा उभ्या जन्मात चाखला नाही,’ खाली तुमचं नाव. दाजी, झुंबरच्या हातचा रस्सा तुम्ही दर जत्रेला वाटीवर वाटी पिता. मी कुणाला बोललेलो नाही. तेवढं गणपतरावांचं नाव काढून आपलं घाला, म्हणजे यंत्राच्या पुढच्या फेरीत काम होईल.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायच्या आत शिवानीनं ते पान झुंबरला वाचून दाखवलं. झुंबरनं लगेच आक्काला फोन लावला. यंत्र परत कधी येईल, हे शिवानीलाही सांगता येत नाही. आक्का मात्र सोमवारी तुमच्याबरोबर शाळेत येणार आहे आणि दुरुस्ती होईपर्यंत संगणकासमोरून हलणार नाही, असं खात्रीलायक समजतं.