आबांची मेंढरं आणि माझा मॉडेल फार्म

३ जून
कंपनी सोडली. बारा वर्षं क्वालिटीला काढलेल्या माणसाला शेती काय अवघड? सिस्टीम पाहिजे फक्त. न्हावऱ्याचं आमचं दीड एकर म्हणजे उद्याचा मॉडेल फार्म. वर आबांची वीसेक मेंढरं आहेतच. आता त्यांचं हिंडणं बंद, बंदिस्त मेंढीपालन चालू. आबांचंही हिंडणं बंद. सत्तरी ओलांडलेला बाप मेंढरांमागं फिरतो हे मला शोभत नाही. आबा म्हणाले, मेंढरू चालून मरत न्हाई, बसून मरतं. जुनी माणसं. बोलू दिलं.

२२ जून
शेड तयार! वरच्या अंगाला कोरडी जागा होती, पण रस्त्यावरून दिसत नव्हती. म्हणून ओढ्याकडच्या खोलगटात बांधलं. ‘संपत मॉडेल फार्म’ हा बोर्ड पार फाट्यावरून वाचता येतो. आबांना हाताची खुर्ची आणली. ते सकाळपासून घोंगडी खांद्यावर टाकून फाटकापाशी उभे. होईल सवय.

१९ जुलै
शेडात घोटाभर चिखल. मेंढरांची खुरं सडायला लागलीत. याला सर्वस्वी पाऊस जबाबदार. डॉक्टर म्हणाले, कोरड्यात हलवा. आता बोर्ड कोण हलवणार? चुना टाकला.
आबा खुर्चीत बसत नाहीत, खुर्चीशेजारी भुईवर बसतात. बसले तरी! प्रगती आहे.

८ ऑगस्ट, संध्याकाळ
वजन वाढावं म्हणून काल मक्याचा भरडा सढळ हातानं टाकला. सकाळी पाच मेंढ्या पोट फुगून आडव्या. एवढ्याशा सॅम्पलवरून निष्कर्ष काढू नये. आबांनी एकेकीच्या पोटावरून हात फिरवत नावानं हाका मारल्या. मेंढ्यांना नावं असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सुषमा म्हणाली, अहो, आबांचं जेवण निम्म्यावर आलंय. म्हटलं, हिंडणं नाही तर भूक कशी लागेल? बायकांना साधं लॉजिक कळत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
बाजरी पाखरांनी नेली. राखायला आबा होते, पण त्यांचं लक्ष नसतं. मेंढरं सात उरली. सातांकडं पर्सनल अटेन्शन देता येतं. कांद्याचं रोप टाकलंय, त्यात सगळं भरून निघेल.

६ नोव्हेंबर
आबांचा भाचा हौसराव वाडा घेऊन, म्हणजे बिऱ्हाड आणि मेंढरं घेऊन, कोकणात निघालाय. म्हटलं, जाता जाता दोन दिवस आमच्या रानात मेंढरं बसव, खत होईल. आबा दोन्ही दिवस त्यांच्यातच. तिथं पोटभर जेवले म्हणे.
आज सकाळी वाडा हलला. आबा नाहीत. सातही मेंढ्या नाहीत! हौसरावला फोन केला. म्हणाला, म्हस्कूमामा झकास हायेत, घोर करू नको. मी कशाला घोर करतोय? हवापालट आहे. पाय दुखले की येतील.

१४ डिसेंबर
आले नाहीत. रिकाम्या शेडात सुषमानं सरपण रचलं. तात्पुरतं.
व्हिडिओ कॉल केला. आबा काळे पडलेत, भाकरी खाता खाता हसत होते. एक मेंढी व्यायला झाली म्हणून माझ्याशी बोलायला त्यांना सवड नव्हती. नेटवर्क खराब असल्यामुळं ते खूश वाटत होते.

९ फेब्रुवारी
पारावर गावातल्या बानूबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, बाप वनवासाला आन् तू बोर्डाखाली व्हय रं? झोंबलं. गाडी केली, माणगावच्या पुढं गाठलं, आबांना आणलं. येत नव्हते. झाडाला धरून उभे राहिले. हौसरावनं हात जोडले, दादा, ऱ्हाऊ दे त्यान्ला. पण म्हातारपणी काय चांगलं हे मुलानंच ठरवायचं असतं.
फाटकाला कुलूप लावलंय. सेफ्टी म्हणून. आबांच्या खोलीत नवा पंखा.

३ मार्च
आबा न सांगता खुर्चीत बसतात! फाटकाकडं बघतही नाहीत. सुषमाला म्हटलं, बघ, जमलं शेवटी. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. हिला माझं यश कधी बघवतच नाही.
कांदा काढला. बारीक, पिळकुटी कांदा आहे, पण तिखट आहे.

२१ मार्च
आबांना शिरूरला दाखवलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. म्हणजे मी बरोबर होतो. फक्त गाडीतून घरात त्यांना उचलून आणावं लागलं. हलके झालेत.

१२ एप्रिल
आबा गेले.


१४ एप्रिल
हौसराव मेंढरं बायकोवर टाकून आला. मातीला पोचला नाही म्हणून लहान पोरासारखा रडला. मीही रडलो. सुषमानं त्याच्या हातात चहा दिला, माझा कप भुईवर ठेवला.
निघताना हौसराव म्हणाला, दादा, तुझ्या सातही मेंढ्या जित्या हायेत, दोघी व्याल्या. मामा न्हाईत आता. कोकणातनं येताना आणून शेडात बांधू का?
म्हटलं, नको रे. बांधू नको.