टोपीवाला वीर

आबा, आपला वीर परदेशी निघाला. वलंदेज, म्हणजे पार हॉलंडचा. बसा आता कपाळाला हात लावून.

माझं लग्न ठरलं तेव्हा देव्हाऱ्यातला आपल्या पूर्वज वीराचा चांदीचा टाक तुम्ही सोनाराकडे नेलात. मला वाटलं, उजळायला. परत आला तर वीराच्या डोक्यावर पागोटं, आणि कडेने ठोकल्याच्या खुणा. "आधी टोपी होती ना?" विचारलं, तर म्हणालात, "गप. तुला नांदायचंय." नांदले. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "वलंदे! हे कसलं आडनाव? ना गाव, ना कूळ." मी तोंडाची फटकळ, पण यावर उत्तर नव्हतं. तुम्ही दिलंच नव्हतं.

भाऊ नाही, म्हणून तुमच्यामागे टाक माझ्याकडे आला. यंदा नात त्या खुणांवरून खोदून खोदून विचारायला लागली. शेवटी तिला घेऊन नामपूरला गेले, तुमच्या धाकट्या भावाच्या घरी. वेगळे निघताना काकांनी तसाच दुसरा टाक घडवून घेतला होता. चुलत बहिणीने तो पुढ्यात ठेवला. रुंद काठाची टोपी, खांद्यापर्यंत झुलपं, बाजूला तोफ. मी विचारलं,

"तुम्ही कधी लपवला नाय?"

"लपाडाले तो काय चोर शे?" ती उसळली. "आपला तोफखानामा व्हता, लढाईमा मरना, म्हनीसन वीर शे!"

नात म्हणाली, "आजी, डच माणसाला आपल्याकडे पूर्वी वलंदेज म्हणायचे. त्याचंच झालं वलंदे." हे ऐकायला सासूबाई हव्या होत्या.

धुळवडीला सगळे आपापले वीर वाजतगाजत गोदावरीवर अंघोळीला नेतात. मी नामपूरचा टाक मागून आणला, खोबऱ्याच्या वाटीत बसवला, टोपी झाकायला वर फडकं बांधलं नाही. वाजंत्र्यांना म्हटलं, हात दुखतात का रे, जोरात वाजवा. शेजारीण खिदळली, "आजी, हा कुठला साहेब?"

"साहेब असेल तुझ्या घरी. हा माझा खापरपणजा. आणि मी वलंद्यांची लेक."

रामकुंडावर माझ्या हाताने त्याला अंघोळ घातली. उन्हात टोपी अशी चकाकली, की चार बाया वाकून बघायला आल्या. एकीने तर हळद-कुंकू वाहिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते बरंच आहे. कारण खरं सांगते, त्या दिवशी तुम्ही घाटावर असतात आणि नुसते डोळे वटारले असतेत, तर मी मुकाट पदराखाली टोपी झाकली असती.